गृहमंत्री साहेब, मुलीने आईला सांगितलं. पुढे काय?

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सादर नमस्कार.

आपल्या व्यापातून हे पत्र आपण स्वतः वाचाल अशी आशा धरून लिहिते आहे.

माझी मुलगी नववीत आहे. गॅदरिंगमधला नऊवारी नेसलेला तिचा फोटो कुणीतरी उचलला, चेहरा तेवढा ठेवून खाली उघडं शरीर जोडलं आणि तिच्याच नावाचं खोटं अकाउंट काढून तो वर्गातल्या मुलांना पाठवला. तिने त्याच संध्याकाळी मला सांगितलं. रडत सांगितलं, पण लपवलं नाही. तिला पहिल्यापासून बजावलं होतं की काहीही झालं तरी आधी आईकडे यायचं, आई ओरडणार नाही. सगळे मंत्री भाषणांत पालकांना जे मार्गदर्शन करायला सांगतात ते हेच ना? ते आम्ही केलं. मुलीने तिचं काम केलं. त्यानंतर पाळी तुमच्या खात्याची होती.

पोलीस ठाण्यात गेलो तर टेबलावरच्या साहेबांनी माझा फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि शेजारच्याला दाखवला. मी आणि तिचे बाबा समोर उभे होतो. मग मला विचारलं, "ताई, या वयात मुलीला मोबाईल दिलाच कशाला?" गुन्हा नोंदवला नाही. "सध्या साधा अर्ज द्या. आणि मुलीला घेऊन या, तिलाच विचारू." त्या माणसापुढे मुलीला उभं करायचं या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही.

मोबाईल कशाला दिला याचं उत्तर त्यांना तुम्ही द्या. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा ती चौथीत होती आणि शाळा मोबाईलवर आली. कर्ज काढून फोन घेतला. शाळा उघडल्या तरी गृहपाठ, सूचना, प्रोजेक्ट सगळं अजून व्हॉट्सॲपवरच येतं. शाळकरी मुलांच्या सर्वेक्षणाचा २०२४ चा 'असर' अहवाल बघा: ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी सर्वेक्षणाआधीच्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. फोन अभ्यासाच्या नावाने घरात आला, आणि त्यातून पुढे जे येतं ते एकट्या आईने अडवायचं!

कायदा मला वकिलांकडून समजून घ्यावा लागला. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्याच्या कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. कलम २१ प्रमाणे गुन्हा नोंदवायला टाळाटाळ करणाऱ्यालाच सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०२१ च्या आयटी नियमांत असा फोटो तक्रारीनंतर २४ तासांत काढायला सांगितलं होतं. ॲपवाल्या कंपनीने मला काय कळवलं? नियमभंग आढळला नाही.

पोलिसांना ऑनलाइन गुन्हे समजत नाहीत असं कुणी सांगू नका. २०१२ साली पालघरमध्ये बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदवर लिहिलेल्या एका फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना लगोलग अटक झाली होती, त्यातली एक तर फक्त लाईक केल्याबद्दल. आयटी कायद्याच्या ज्या ६६अ कलमाचा तिथे वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. पुढाऱ्यांच्या मानापमानाची गोष्ट आली की यंत्रणा धावते, सामान्यांच्या लेकरांची आली की अर्ज द्या. माझं सगळं भांडण या एका गोष्टीशी आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत पोलिसांच्या कार्यक्रमात अक्षय कुमार यांनी सांगितलं की ऑनलाइन गेम खेळताना त्यांच्या मुलीकडे अनोळखी माणसाने नग्न फोटो मागितला. सातवी ते दहावीला आठवड्यातून एक सायबरचा तास द्या, अशी विनंतीही त्यांनी मुख्यमंत्र्यांसमोर केली. बातम्या झाल्या, टाळ्या पडल्या. माझ्या मुलीच्या वेळापत्रकात तो तास अजून आलेला नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये कुणाच्या आदेशाची वाट न बघता रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. गावाला जमलं ते मंत्रालयाला का जमू नये?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांची खाती रोखायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली, दंड पालकांना नाही. आपल्याकडे १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती मागणारा डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांना वर दीड वर्षाची सवलत! तोवर आमची मुलगी दहावी होऊन जाईल. तो केंद्राचा विषय आहे हे मला माहीत आहे. पोलीस ठाणं मात्र तुमचंच आहे.

तेव्हा मागणी मोठी नाही. गुन्हा नोंदवा. ते खातं कुठून चाललं हे कंपनीकडून काढून घ्या. जबाबाला महिला अधिकारी आमच्या घरी पाठवा, साध्या कपड्यांत. पत्ता अर्जावर लिहिलेला आहे, आणि तो अर्ज तुमच्याच ठाण्यात पडून आहे.

आपली,
नववीतल्या एका मुलीची आई