कॅप बसवण्याआधी ऑनलेचेही सांगा

संपादक महोदय,

दाढ किडली की सिमेंट भरा, नाहीतर कॅप बसवा, एवढे दोनच पर्याय बहुतेकांना ठाऊक असतात. मलाही तेवढेच होते. माझ्या खालच्या दाढेतले जुने सिमेंट निखळले, सोबत एका कोपऱ्याचा टवकाही उडाला. जीभ दिवसभर त्या धारेवरच जायची. पहिल्या दवाखान्यात थेट कॅप सुचवली. दुसऱ्या डॉक्टरांनी ऑनलेचे नाव काढले, तेव्हा ते मी प्रथमच ऐकले.

कॅपसाठी दाढ चहूबाजूंनी तासावी लागते. ऑनलेत फक्त किडलेला, कमकुवत भाग काढतात आणि दाढेच्या चावण्याच्या बाजूचा मोडलेला उंचवटा झाकणारा तुकडा मापानुसार तोंडाबाहेर घडवून चिकटवतात. खड्डा उंचवट्यांच्या आतच असेल तर तो इनले. तुकडा सोन्याचा, सिरॅमिकचा किंवा कंपोझिटचा (दाताच्या रंगाच्या रेझिनचा) असतो. कंपोझिट तोंडातच भरून प्रकाशाने कडक केले तर ते किंचित आकसते आणि मोठ्या खड्ड्यात कडेला फट राहू शकते. बाहेर घडवलेल्या तुकड्याचे आकसणे बहुतांशी आधीच उरकलेले असते.

बहुधा दोन खेपा पडतात, मधल्या काळात तात्पुरते सिमेंट सांभाळावे लागते. (माझे निघाले; चिकट खाल्ले, चूक माझीच.) दात फारच थोडा उरला असेल तर कॅपच लागते, हेही खरे. पण तासलेले इनॅमल पुन्हा येत नाही. मग ड्रिल हातात घेण्याआधी रुग्णाला हा पर्याय सांगायला काय हरकत आहे?

– एक वाचक