सूचना: तितर-लावे धरू नका, पोपट पाळू नका

मंडळी, कळंब्याकडं फिरायला जाणाऱ्या सगळ्यांनी जरा वाचा. ऊसतोड सुरू झाली की फडाच्या बांधाला नायलॉनचे फासे लागतात, तितर-लावे अडकतात, आणि ग्रुपवर लगेच 'मटण कुठं मिळंल' सुरू. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकार म्हणजे फक्त बंदूक नाही हं, फास लावणं, जाळं टाकणं, घरटं मोडणं, अंडी उचलणं हे सगळं त्यातच येतंय, शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, दोन्हीबी होऊ शकतंय. मोराला तर त्याहून जास्त. आणि पिंजऱ्यातला आपला देशी हिरवा पोपटसुद्धा चालत नाही, आजोबांपासून पाळतोय म्हणून सूट नाही. फास दिसला तर भांडत बसू नका, फोटो-लोकेशन घ्या आन् वनविभागाला १९२६ वर कळवा.