ओंडक्यांच्या घरात वायरिंग आधी, भिंत नंतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लाकडाचे अख्खे ओंडके रचून केलेल्या घरांवर लिहिताना लाकडाची जात, सांधे, पॉलिश यांवर भर असतो. वायरिंग आठवते ते भिंती उभ्या राहिल्यावर, आणि तिथेच फसते. विटांच्या भिंतीत झिरी मारून वर गिलावा करता येतो. ओंडक्यांची भिंत ना पोकळ, ना गिलाव्याची. ती रचून झाली की वायर उघड्या पट्टीतूनच न्यावी लागते.

म्हणून पहिला थर बसण्याआधीच प्रत्येक सॉकेटची जागा नकाशावर पक्की हवी. केबल शक्यतो जमिनीखालून वर आणावी. थर चढेल तसे ओंडक्याच्या मध्यावर गिरमिटाने सव्वा इंची उभे भोक पाडायचे, सगळी भोके एका ओळंब्यात. प्रत्येक थरानंतर भुसा काढून फिश वायर (केबल ओढून घ्यायची लवचीक तार) फिरवून पाहावी. चार थर चढल्यावर अडकलेली कळली तर उपयोग नाही. ओंडके जकडणारे लांब स्क्रू भोकापासून दूर राहावेत म्हणून सुताराला खडूने खूण करून द्यावी. केबलमध्ये घुसलेला स्क्रू बाहेरून दिसतच नाही.

बॉक्स नेहमी एकाच ओंडक्याच्या पोटात खोदावा, दोघांच्या सांध्यावर कधीच नाही. लाकूड सुकताना सांधा दबतो, बॉक्स चेपतो, प्लेट तडकते. गोल ओंडक्यावर प्लेटपेक्षा जरा मोठी जागा पटाशीने सपाट करून घ्यावी. बॉक्सची कड लाकडाच्या पृष्ठभागाशी समतल हवी. ती आत राहिली तर सैल टर्मिनलवरची ठिणगी थेट लाकडावर पडते.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे भिंतीचे खाली बसणे. ओल्या लाकडाची भिंत उंचीच्या फुटामागे पाऊण इंचापर्यंत दबते, म्हणजे आठ फुटांना सहा इंच. सुकवलेल्या लाकडात हे बरेच कमी. अशा भिंतीत पूर्ण उंचीचा कडक पाइप घातला तर वरचे ओंडके त्याच्यावरच टेकून राहतात आणि मध्ये फटी पडतात. केबल भोकात सैल असावी, दोन्ही टोकांना आवळलेली नसावी. दबणाऱ्या भिंतीतून न दबणाऱ्या चौकटीकडे जाताना केबलचा एक वेढा सैल सोडावा.

दारालगतच्या स्विचसाठी सोपा मार्ग आहे: ओंडक्यांच्या कापलेल्या टोकांत उभी खाच घेऊन केबल न्यायची, वर दाराची चौकट येते. आतल्या फळ्यांच्या पोकळ भिंती असतील तर जास्तीत जास्त पॉइंट तिथेच घ्यावेत.

केबल ओढल्यावर भोकाची दोन्ही तोंडे सीलंटने बंद करावीत, नाहीतर सॉकेटमधून गार वारा येत राहतो. भिंतीच्या आत केबलला जोड देऊ नये, जोड बॉक्समध्येच. छत चढवण्याआधी, उपकरणे न जोडता, ५०० व्होल्टच्या मेगरने (केबलचे इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) प्रत्येक सर्किट तपासावे. वाचन १ मेगाओहमच्या खाली असेल तर ती केबल तेव्हाच बदलावी, कारण तोवर वरचे थर उतरवता येतात.

आपला,
एक वीजतंत्री