आधी धार लावायला शिकवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी आपल्या पुरवणीत हाताने सुतारकाम करायच्या छंदावर पानभर मजकूर आला होता. मजकूर चांगलाच होता, शहरातली नोकरदार मंडळी सुट्टीच्या दिवशी रंधा हातात घेतायत हे वाचून आम्हा पिढीजात सुतारांना बरंच वाटतं, पण त्यात एक वाक्य असं होतं की गावाकडच्या सुतारांनी मशीन आल्यावर हातहत्यारं टाकून दिली, आणि ते वाक्य काही केल्या पचेना म्हणून हे पत्र. छापलंत तर ठीक, नाही छापलंत तरी वाचा एवढीच विनंती.

मशीन आलं हे खरंच आहे हो. आमच्याकडे पण प्लेनर आहे, राउटर आहे, कटर आहे, आणि आजचं नव्वद टक्के काम म्हणजे प्लाय आणि वर सनमायका, त्याला रंधा मारून करणार काय. ते मशीनचंच काम आहे, त्याबद्दल रडगाणं नाही. पण भरीव लाकडाचं काम आलं की शेवटचा हात माणसाचाच लागतो, दरवाजा चौकटीत बसवताना केसभर घासायचा असतो, ड्रॉवर पावसाळ्यात फुगून अडकणार नाही इतपत सैल ठेवायचा असतो, कुसू (लाकडाची जीभ) सालीत (तिच्यासाठीच्या खाचेत) ठोकून नाही तर दाबून बसला पाहिजे असं बघायचं असतं. तिथे मशीन घेऊन गेलात की केसभराच्या जागी दोन सूत, म्हणजे पाव इंच, जातं आणि मग फटीत भुसा आणि फेविकॉल भरत बसा. मग हातहत्यारं मागे का पडली? माझं म्हणणं असं की मशीनपेक्षा जास्त ती धारेमुळे मागे पडली. धार लावणं घराघरातून गेलं, आणि बिनधारेचं हत्यार घेऊन काम करणाऱ्याला मशीन देवासारखं वाटणारच.

कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून एक नवी पटाशी, म्हणजे सुताराची सपाट छिन्नी, आणा आणि नीट बघा. पात्यावर गंजू नये म्हणून लॅकरचा थर असतो, पाठ सपाट नसते, मधे खड्डा किंवा टोकाला बाक असतो, आणि धार म्हणजे फॅक्टरीतल्या ग्राइंडरच्या रेघोट्या. ही पटाशी म्हणजे अर्धवट केलेला माल आहे, उरलेलं अर्धं काम घेणाऱ्याने करायचं असतं, पण हे पाकिटावर कुठेच लिहिलेलं नसतं. नवीन पोरगं ती तशीच लाकडाला लावतं, ती घसरते, लाकूड तुटतं पण कापलं जात नाही, मग ते जोरात हातोडा मारतं, मूठ फुटते, आणि तेव्हापासून ती पटाशी रंगाचे डबे उघडायला वापरली जाते. प्रत्येक वर्कशॉपमध्ये अशी एक पटाशी असतेच, बघून घ्या.

धार लावण्यात काही जादू नाही. दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड हार्डवेअरवाल्याकडे मिळतो, एक बाजू जाड दाण्याची आणि एक बारीक. सगळ्यात आधी पाठ. लोक उतार, म्हणजे धारेची तिरपी बाजू, घासतात आणि तिच्या उलटची पाठ विसरतात, तर पाठीवर स्केच पेनने रेघा मारायच्या आणि पाठ दगडावर पूर्ण टेकवून घासायची, टोकाजवळच्या बोटभर भागातली शाई सगळी पुसली गेली की पाठ सपाट झाली, हे काम जन्मात एकदाच करायचं असतं. मग उतार, साधारण 25 अंशाला, आणि शेवटी टोकाचा अगदी बारीक भाग 30 अंशाला. घासता घासता एक वेळ अशी येते की पाठीच्या बाजूने बोट धारेच्या बाहेर सरकवलं की पूर्ण रुंदीभर बारीक खरखर लागते. ती खरखर आली नाही तोपर्यंत थांबायचं नाही आणि आली की त्यापुढे घासायचं नाही, ही खूण ज्याला कळली त्याला निम्मी धार आली. मग बारीक बाजूवर थोडं, पाठीवर दोन हात, आणि शेवटी लाकडाच्या तुकड्यावर चिकटवलेल्या चामड्यावर हिरवं पॉलिश लावून मागे ओढायची. तपासायची कशी? धार उजेडाकडे धरा. बोथट धारेवर उजेड पडून पांढरी रेघ दिसते, चांगल्या धारेवर काहीच दिसत नाही. आणि खात्री करायची असेल तर मऊ लाकडाचं मुंडं, म्हणजे फळीचं कापलेलं टोक, त्यावर चालवा. चांगली पटाशी तिथे चकाकी सोडून जाते, बोथट पटाशी पांढरट चुरा करते. काही लोक हातावरचे केस काढून दाखवतात, तो तमाशा झाला, लाकडाला त्याचं काय.

आता ग्राइंडर. इथे खरा घोटाळा होतो. घाई असते म्हणून पोरं पटाशी विजेच्या दगडावर धरतात, ठिणग्या उडतात, मजा वाटते, आणि टोक आधी पिवळट, मग तपकिरी, मग जांभळं आणि निळं पडतं. निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं. लोहाराने तापवून विझवून जो कडकपणा आणलेला असतो तो तिथे गेला, त्यानंतर तुम्ही कितीही छान घासा, धार दोन फटक्यात वळते, आणि मग दोष कंपनीला. ग्राइंडर वापरायचा तर जवळ पाण्याचं भांडं ठेवून, हात लावता येईल इतपतच गरम होऊ देऊन वापरायचा, आणि निळं पडलंच तर तेवढा भाग पूर्ण घासून काढून टाकायचा, दुसरा इलाज नाही.

आपल्याकडे तर धारेचं महत्त्व आणखी जास्त, कारण आपलं लाडकं लाकूड सागवान. सागात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार, त्यामुळे साग हाताला मऊ लागला तरी धार खातो. सकाळी लावलेली धार दुपारपर्यंत गेली की समजायचं साग चांगलाय. त्यामुळे जुने सुतार काम करता करता मधेच दगडाकडे वळायचे, बघणाऱ्याला वाटायचं म्हातारा टाइमपास करतोय. आणि त्या माणसांकडे हत्यारं तरी किती होती? लाकूड तासायचा वाकस, करवत, पटाशी, किंकरं म्हणजे बारीक पटाशी, भोकं पाडायला सामता आणि गिरमिट, रंधा, लाकडी मोगरी, काटकोन बघायचा गुण्या, कानस. जमिनीवर बसायचं, लाकूड पायाने दाबून धरायचं आणि काम करायचं. एवढ्यावर नांगर, कुळव, तिफण आणि अख्खी बैलगाडी उभी राहायची, चाकाचे आरे मधल्या तुंब्यात असे बसायचे की वरून तापवलेलं लोखंडी कडं, म्हणजे धाव, चढवून थंड केली की सगळं चाक आवळून एकजीव. पुण्यातले पाडलेले वाडे बघा, सागाच्या तुळया सालकुसूने आणि लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या, खुंटी काढली की सांधा सुटतो, लाकूड शाबूत. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात असलं जुनं लाकूड येतं तेव्हा सांध्याच्या आत डोकावून बघा, पटाशीच्या खुणा सरळ आणि स्वच्छ दिसतात, तिथे सँडपेपर पोचलेला नाही.

पुरवणीत परदेशी रंध्यांचं कौतुक होतं त्याबद्दलही थोडं. अमेरिकेतल्या मेन राज्यात ली-नील्सन म्हणून कंपनी आहे, 1981 पासून रंधे बनवते, माल अप्रतिम, वादच नाही, पण इकडे मागवला तर कस्टम-बिस्टम धरून तीस हजाराच्या वर जातो. आणि तो रंधा आहे कशावर बेतलेला तर स्टॅनली कंपनीच्याच जुन्या बेडरॉक नमुन्यावर. त्याच्याही आधीचा लिओनार्ड बेलीचा रंधा, ज्याची पेटंटं स्टॅनलीने 1869 मध्ये घेतली, तोच नमुना आजही जगभर चालतो, पातं 45 अंशावर, मागे खोली कमीजास्त करायचं पितळी चाक, वर पातं डावीउजवीकडे करायची पट्टी. हे जुने स्टॅनली आणि रेकॉर्डचे रंधे, शेफिल्डच्या पटाश्या मुंबईत चोर बाजारात भंगाराच्या भावात पडलेल्या असतात, गंजलेल्या असतात पण पोलाद एक नंबर. आपल्याकडे जालंधरला बनणारे लोखंडी रंधेही याच बेली पद्धतीचे आहेत, तळ घासून आणि पातं धारेला लावून घेतलं की मस्त चालतात. सांगायचा मुद्दा, पैसे कमी असतील तर रंधा जुना घ्या आणि दगड चांगला घ्या. आणि रागावू नका, पण तुमच्या एका फोटोत पातं उलटं बसवलेलं होतं, उतार वरच्या बाजूला. बेलीच्या रंध्यात उतार खाली असतो आणि वर टोपी, म्हणजे पात्याला आवळलेली लोखंडी पट्टी, येते, ती टोपी धारेच्या अगदी जवळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आत ठेवली तर उलट्या नसांचं, म्हणजे रेषांचं, लाकूडसुद्धा न फाटता निघतं, आणि रंध्यातून निघणारा छिलका कांद्याच्या पापुद्र्यासारखा पारदर्शक येतो. उलट्या पात्याने यातलं काहीच होत नाही.

आता माझी मुख्य मागणी. पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली, अठरा पारंपरिक धंदे त्यात आहेत, सुतार आहे. पाच ते सात दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, रोजचे 500 रुपये, हत्यारांसाठी 15 हजारांपर्यंतचं व्हाउचर, आणि पुढे 5 टक्के व्याजाने एक आणि दोन असं मिळून तीन लाखांपर्यंत कर्ज. योजना चांगली आहे, आमच्या ओळखीच्या बऱ्याच जणांनी नाव घातलंय. पण पंधरा हजार हातात येणार म्हटलं की पोरांच्या डोळ्यासमोर पहिलं येतं ते ड्रिल आणि जिगसॉ, साहजिकच आहे, आणि मी काही त्यांना नको म्हणत नाही. माझी मागणी एवढीच की त्या पाच-सात दिवसांतला एक पूर्ण दिवस फक्त धारेला द्या. पटाशीची, रंध्याच्या पात्याची आणि करवतीची, कारण करवतीला तिकोनी कानशीने दात लावणं हे तर आता बोटावर मोजण्याइतक्या लोकांना येतं, लोक करवत बोथट झाली की फेकतात आणि नवीन आणतात. व्हाउचरमधले हजार-दीड हजार दगडाला, चामड्याला, कानशीला जावेत असं शिकवणाऱ्यानेच सांगावं. आयटीआयमध्ये कारपेंटरचा वर्षाचा कोर्स असतो, तिथेही परीक्षेतला जॉब, म्हणजे करून दिलेली वस्तू, तपासताना सांध्याबरोबर विद्यार्थ्याची पटाशी तपासा आणि तिला मार्क द्या. मार्क मिळतात म्हटलं की सगळं शिकलं जातं, हा आपला देश आहे.

दुसरं शाळांचं. 2020 च्या नवीन शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकायला पाठवायचं म्हटलंय, आणि त्यात सुताराचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. कल्पना नवीन नाही म्हणा, वर्ध्याला 1937 साली गांधीजींच्या पुढाकाराने जी शिक्षण परिषद झाली त्यातून आलेल्या नई तालीममध्येही हस्तोद्योगातून शिक्षण आणि सुतारकाम होतंच. प्रश्न हा की मुलांनी करायचं काय. बहुतेक ठिकाणी आइसक्रीमच्या काड्यांचं घर होतं आणि फोटो काढून विषय संपतो. माझं म्हणणं, पाट करा. आपला जेवायला बसायचा साधा पाट. वरून वाटतं काय त्यात, एक फळी आणि खाली दोन पट्ट्या. पण फळी रुंदीत फुगते आणि आकसते, लांबीत जवळजवळ नाही, आणि खालच्या पट्ट्या नेमक्या फळीच्या आडव्या जातात. त्या खिळे ठोकून आणि फेविकॉल लावून आवळल्या की पावसाळा-उन्हाळा झाल्यावर फळी फाटते, बाजारातल्या कितीतरी पाटांची मधोमध चीर त्यामुळेच असते. म्हणून फळीला खालून खाच करायची, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, डव्हटेलच्या आकाराची, आणि पट्टी बाजूने सरकवत आत ढकलायची, ग्लू फक्त मधल्या बोटभर जागेत. मग फळी पाहिजे तशी हलते आणि पाट सपाट राहतो. यात करवत, पटाशी, रंधा, गुण्या सगळं येतं, कोन मोजणं येतं, आणि लाकूड पाणी पितं हे विज्ञानाच्या पुस्तकाबाहेर कळतं. मुलांच्या हाती धारदार हत्यार कशाला असं पालक विचारतील, तर बोथट हत्यार जास्त लागतं, कारण त्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते घसरतं. दोन्ही हात धारेच्या मागे, हा एकच नियम पाळला की झालं.

जाता जाता, ज्यांना वाटतं हाताचं काम संपलं त्यांनी एकदा मिरजेला सतारमेकर गल्लीत चक्कर मारावी. 2024 मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. तिथले कारागीर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवून जवारी काढतात, चार-दोन हात मारायचे, तार छेडायची, ऐकायचं, परत कानस. तार घोडीला कुठे आणि किती हलकेच घासते यावर तो झंकार ठरतो, आणि कुठे थांबायचं ते कान सांगतो. सावंतवाडीत चितारआळीतली लाकडी फळं बघा, लांबून खरी वाटतात. ही माणसं मशीनच्या विरोधात नाहीत, ज्या कामाला हात लागतो तिथे हात लावतात एवढंच.

आमच्या कराड भागातल्या एखाद्या शाळेला पाटाचा प्रयोग करून बघायचा असेल तर मी स्वतः यायला तयार आहे, शनिवारी दुपारनंतर वर्कशॉप बंदच असतं. फळ्या आणि हत्यारं मी आणीन, शाळेने फक्त न हलणारं टेबल, बादलीभर पाणी आणि जुन्या सुती कपड्यांचे बोळे ठेवावेत, आणि एका वेळी दहाच्या वर मुलं पाठवू नयेत, कारण दगड माझ्याकडे पाचच आहेत.

आपला,
एक वाचक, व्यवसायाने सुतार
कराड