पेटीवालीचं गोविंदरावांना पत्र

ती. गोविंदराव टेंबे यांस,
शि. सा. नमस्कार.

तुम्ही जाऊन सत्तरेक वर्षं झाली. कोल्हापूरचा पत्ता घालून पाकीट चिकटवावं तर ते माझ्याकडेच परत यायचं, म्हणून हे पत्र उघडंच ठेवते. कुणीही वाचावं.

मी सांगलीची. बँकेतून निवृत्त झाले आणि आमच्या हौशी नाट्यमंडळात पेटी वाजवते. मंडळात माझं नाव फारसं कुणाला आठवत नाही. मागे एका कार्यक्रमात निवेदकाने सगळ्यांची ओळख करून दिली आणि माझ्यापाशी आल्यावर "पेटीवर... आपल्या ताई" म्हणून मोकळा झाला. राग आला नाही म्हटलं तर ते खोटं होईल.

यंदा आम्ही नाटककार खाडिलकरांचं, तुम्ही चाली दिलेलं संगीत नाटक 'मानापमान' करायला घेतलं. अडीच तासांत बसवायचं म्हणजे निम्मी पदं कापावी लागली. उरलेल्यांत 'नाही मी बोलत नाथा'वर घोडं अडलं. नायिका भामिनीचं काम करणारी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गळा गोड, पट्टी (गायचा मूळ सूर) पांढरी पाच, पण पद पाठ केलेलं मोबाइलवर बालगंधर्वांना ऐकून. दर तालमीत अर्ध्या पदात तिचा दम तुटायचा. मी "रियाज कमी पडतोय गं" म्हणायची, ती ओशाळून हसायची. दिग्दर्शक तर हेही पद कापायच्या बेतात होते.

त्या आठवड्यात वाचनालयातून तुमचं 'माझा संगीत-व्यासंग' घरी आणलं. खरं तर आणलं होतं ते पदांच्या मूळ चाली शोधायला. पण वाचताना आणि नंतर इकडेतिकडे शोधताना माझ्या ध्यानात आलं की तुम्ही आयुष्यभर एकाच गाण्याच्या चारी बाजूंना बसून पाहिलंत. पेटी बरीचशी ऐकून ऐकून, स्वतःच्या हिमतीवर आत्मसात केलीत. भास्करबुवा बखल्यांच्या मागे साथीला बसलात, अल्लादिया खाँसाहेबांची गायकी कानात साठवलीत. १९११ साली, तिशीही गाठली नव्हती तेव्हा, किर्लोस्कर मंडळीच्या 'मानापमान'ला चाली दिल्यात. त्याआधी नाटककारच साकी, दिंडी, लावणी, कानडी नाटकातली पदं अशा ओळखीच्या चालींवर शब्द बसवत. नाटकाच्या चालींसाठी वेगळा माणूस हवा, हे तुमच्यापासून रूढ झालं. उत्तरेकडची ठुमरी, दादरा, कजरी तुम्ही मराठी रंगभूमीवर आणलीत आणि खाडिलकरांसारख्या करड्या माणसाने त्या चालींवर शब्द लिहिले.

इथे एक गंमत लिहू का? मराठी बायको रुसली तर "मी नाही बोलणार जा" म्हणेल. "नाही मी बोलत" असं कोण म्हणतं? मला वाटतं, तिथे चाल आधी आली आणि शब्दांनी निमूट तिच्यामागून पावलं टाकली. माझा अंदाज आहे, चुकला असेल तर माफ करा. पण तेव्हापासून ते पद वाजवताना मला खाडिलकरांचा चेहरा दिसतो.

पुढे १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी, दोन वर्षांत तिथून बाहेर पडून स्वतःची शिवराज मंडळी. भागीदारी, कंपनी, हिशेब यांत तुम्ही पडायला नको होतं असं मला उगाच वाटत राहतं. पण ते माझं बँकेतलं डोकं बोलतंय, मनावर घेऊ नका.

मग एका रात्री मोबाइलवर 'अयोध्येचा राजा' लावला. १९३२ सालचा, पहिला मराठी बोलपट. संगीत तुमचं आणि हरिश्चंद्रही तुम्हीच. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नटाने सेटवरच गायचं आणि साथीदारांनी कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून वाजवायचं. आवाज मला काही फार पल्लेदार वाटला नाही, खरं सांगते. पण मी गाण्यापेक्षा तुमचा श्वास बघत होते. चाल तुमचीच, त्यामुळे कुठे थांबायचं ते तुम्हाला पक्कं ठाऊक, आणि वाद्यं तिथे वाट बघतायत असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तालमीत फोन पेटीवर ठेवून सगळं पद ध्वनिमुद्रित केलं. घरी ऐकलं आणि कान गरम झाले. पेटी एक क्षणही थांबत नव्हती! मुलीची ओळ संपते न संपते तोच मी जागा भरायला धावत होते, मुरकी घेत होते, पुढच्या ओळीचा सूर आधीच दाबून ठेवत होते. ती बिचारी श्वास घेणार कुठे? मीच तिला मागून ढकलत होते आणि वर रियाजाचा उपदेश करत होते.

पुढच्या तालमीत 'नाथा' झाल्यावर पट्ट्यांवरून बोटं उचलली. दोन मात्रा पेटी गप्प, नुसता तबला. मुलीने माझ्याकडे पाहिलं, तिला वाटलं पेटी बिघडली. मग श्वास घेतला आणि पुढची ओळ अशी आली की विंगेत चहा ओतणारा पोरगा थबकला. ते पद नाटकात राहिलं.

पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही म्हणून १९४० साली रेडिओने तिला दाराबाहेर काढलं, ते पुढे तीसेक वर्षं. आजही बैठकीत कुणीतरी तोच आक्षेप ऐकवतं. मी पूर्वी वाद घालायची. तुम्ही मात्र याच पट्ट्यांवर एकट्याने पेटी वाजवून मैफल रंगवलीत. मला मींड अजूनही काढता येत नाही, गोविंदराव, पण गप्प राहायला जमू लागलंय. ते तुमच्यामुळे. फार फार आभार.

प्रयोगाच्या दिवशी माझ्या पेटीच्या भात्याला बारीक चीर गेली होती, सायकलचं पंक्चर काढायचं ठिगळ लावून वेळ निभावली. पेटी आता दुरुस्तीला टाकली आहे. मिळाली की पुढची तालीम. मुलगी 'सौभद्र' करू या म्हणते आहे.

आपली,
पेटीवाली