उभ्याचे तिकीट आणि ऑपेराचा नेमाचा प्रेक्षक

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातील सांस्कृतिक जीवनावर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात ऑपेरा आणि बॅले हे 'धनिकांचे शौक' असून सामान्य माणसाच्या वाट्याला त्या इमारतींची बाहेरून काढलेली छायाचित्रेच येतात, असे एक विधान होते. मी बरीच वर्षे व्हिएन्नात राहते, साधी नोकरी करते आणि येथील सरकारी ऑपेरागृहात, म्हणजे श्टाट्सओपरमध्ये, नेमाने जाते. माझ्यासारख्या प्रेक्षकांना त्या विधानात कुठेच जागा नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हे ऑपेरागृह २५ मे १८६९ रोजी मोझार्टच्या 'डॉन जोव्हानी'ने खुले झाले, १२ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात त्याचा मोठा भाग जळाला आणि ५ नोव्हेंबर १९५५ रोजी बेथोव्हेनच्या 'फिडेलिओ'ने त्याचा पडदा पुन्हा उघडला, हा इतिहास कोणत्याही प्रवासपुस्तिकेत सापडतो. नेमाच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी आहे. येथे चारशेहून अधिक जागा केवळ उभ्याने पाहणाऱ्यांसाठी राखलेल्या असून त्यांतील तळमजल्यावरच्या जागा मधोमध, एकेकाळच्या बादशाही कक्षाच्या बरोबर खाली आहेत. सम्राटाला रंगमंच जसा समोरासमोर दिसे, जवळजवळ तसाच तो उभ्याचे तिकीट काढलेल्या विद्यार्थ्याला किंवा निवृत्त शिक्षिकेला दिसतो. पुढच्या खुर्च्यांचे दर दोनशे युरोंच्या वर जातात, आणि उभ्याची तिकिटे काही वर्षांपूर्वीपर्यंत ३ आणि ४ युरोंना मिळत असत. आता ती तिपटीहून अधिक महागली आहेत आणि त्याबद्दल रांगेत जे बोलले जाते ते छापण्याजोगे नाही. तरीही एका संध्याकाळचा खर्च साध्या उपाहारगृहातल्या जेवणाइतकाच येतो.

आत सोडले की कठड्यापाशी जागा धरायची आणि तिथे आपला स्कार्फ बांधून ठेवायचा, मग प्रयोग सुरू होईपर्यंत खुशाल कॉफी प्यायला जावे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या मराठी माणसाला ही पद्धत कुणी शिकवावी लागत नाही. फरक इतकाच की इथे रुमालावरून भांडण होत नाही. सज्जाच्या अगदी वरच्या थरातून रंगमंच लहान दिसतो, पण आवाज तिथेच सर्वांत चांगला पोहोचतो, असे जुने प्रेक्षक सांगतात आणि माझाही अनुभव तसाच आहे. शब्द कळत नाहीत ही नवख्यांची अडचणही आता उरलेली नाही, कारण उभ्याच्या जागांसमोरही छोटे पडदे बसवलेले असून त्यांवर संहितेचे भाषांतर वाचता येते. मला स्वतःला इटालियन येत नाही.

परंतु स्वस्त तिकिटाने माणूस एकदा येईल. तो पुन्हा पुन्हा यायला हवा असेल तर प्रयोगांचा कार्यक्रमही तसा लागतो. सप्टेंबर ते जून या हंगामात येथे जवळजवळ रोज प्रयोग असतो आणि तो आदल्या दिवशीचा नसतो. हंगामभरात पन्नासहून अधिक ऑपेरा आणि बॅले आलटून पालटून होतात, त्यामुळे एकाच आठवड्यात पुच्चिनी, मोझार्ट आणि 'स्वान लेक' असे सगळे पाहता येते, आणि आवडलेली गोष्ट दोन-तीन महिन्यांनी वेगळ्या गायकांच्या संचात पुन्हा समोर येते. रांगेतल्या गप्पांचा विषयही बहुतेक वेळा हाच असतो: कोणाचा घसा बसला आहे, आयत्या वेळी कोणाला विमानाने बोलावले आहे, आणि तो तालमीशिवाय कसा निभावून नेणार आहे.

पुच्चिनीच्या 'तोस्का'चे उदाहरण घेते. मार्गारेते वालमान यांनी बसवलेला हा ऑपेरा १९५८ साली कारायान यांच्या संगीतसंचालनाखाली आणि रेनाटा तेबाल्दी यांच्या गायनाने येथे प्रथम झाला, आणि त्याच नेपथ्यात, त्याच मांडणीत तो आजही होतो. प्रयोगांची संख्या सहाशेच्या पुढे गेली आहे. लेखकाला यात कदाचित शिळेपणा दिसेल. मला त्यात मोठी सोय दिसते, कारण नेपथ्य कायम असल्याने गायिकेतला फरक स्वच्छ कळतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तोस्का पोलीसप्रमुख स्कार्पियाचा जेवणाच्या टेबलावरच्या सुरीने खून करते आणि मग निघून जाण्याऐवजी दोन मेणबत्त्या आणून त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवते, भिंतीवरचा क्रूस काढून त्याच्या छातीवर ठेवते. तिथे गाणे नाही, फक्त वाद्यवृंद आहे, आणि हे सगळे करायला मोजका वेळ आहे. एखादी गायिका मेणबत्ती ठेवताना मृतदेहाकडे बघतही नाही. दुसरी क्रूस ठेवायला वाकते आणि तिचा हात क्षणभर वरच थांबतो. तिसरीचे सगळे लक्ष झग्याचा घोळ मेणबत्तीला लागू नये याकडे असते, आणि तेही समजण्यासारखे आहे. मग दूरवर पडघम वाजतात, ती दचकते आणि बाहेर पडते. पहिल्यांदा पाहताना मी केवळ खुनाने हादरले होते. मेणबत्त्या ठेवणाऱ्या बाईकडे निवांत बघायची सवड पुढच्या प्रयोगांत मिळाली. आमच्या आजोबांच्या पिढीतले लोक एकच संगीत नाटक अनेक नटांकडून का पाहत आणि त्यातल्या पदांची तुलना करत रात्र का काढत, हे मला परदेशातल्या या कठड्याला टेकून उमगले.

बॅलेची गोष्ट थोडी वेगळी आहे. येथे नर्तक रुडॉल्फ नुरेयेव्ह यांनी १९६४ साली 'स्वान लेक' बसवला, तेव्हा त्यांना आणि नर्तकी मार्गो फोंटेन यांना प्रयोगानंतर ८९ वेळा पडद्यापुढे यावे लागले, ही नोंद आजही विक्रम म्हणून सांगितली जाते. परंतु मराठी प्रेक्षकाने मुद्दाम पाहावा असा बॅले म्हणजे 'ला बायादेर'. नृत्यरचनाकार मारियुस पेतिपा यांनी तो १८७७ साली सेंट पीटर्सबर्गला बसवला. त्याचे संगीतकार लुडविग मिंकुस हे मूळचे व्हिएन्नाचे, आणि १९१७ साली त्यांचे निधनही इथेच झाले. कथा हिंदुस्थानातली: देवळातली नर्तकी निकिया, योद्धा सोलोर, राजकन्या गमझात्ती, आणि या तिघांच्या मध्ये एक कपटी महाब्राह्मण. नावांवरूनच लक्षात येईल की, या हिंदुस्थानाची हिंदुस्थानाशी गाठ पडलेली नाही. उड्या मारणारे फकीर आणि सोन्याने मढवलेली नाचणारी मूर्ती पाहून आपल्याला आधी हसू येते, आणि मग थोडा रागही येतो. तरीही मी तो चुकवत नाही, आणि त्याचे कारण म्हणजे छायांचा, म्हणजे परलोकातल्या सावल्यांचा, प्रवेश. अंधारात उतरणीच्या वाटेवरून पांढऱ्या वेषातली एक नर्तकी येते, एका पायावर तोल सावरून दुसरा मागे उचलते, एक पाऊल टाकून मागे रेलते आणि पुन्हा तेच करते. तिच्यामागून दुसरी, तिसरी, अशा कुठे चोवीस तर कुठे बत्तीस जणी उतरतात. सर्वांत आधी येणारीला तो तोल सर्वांत जास्त वेळा सांभाळायचा असतो. वरच्या सज्जातून पाहिले म्हणजे रांगा सरळ आहेत की नाहीत ते दिसते, आणि खालून पाहिले म्हणजे थकलेल्या घोट्यांची थरथर दिसते. दोन्ही पाहायचे तर दोनदा जावे लागते, आणि मी त्यासाठी गेले आहे.

आपल्याकडच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल की, याच मारियुस पेतिपांचे थोरले बंधू ल्युसिएँ यांनी १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात कालिदासाच्या 'शाकुंतला'वर बॅले बसवला होता. त्यानंतर बावीस वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले. या दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण एकाच नाटकाने दोन खंडांत प्रेक्षकांना नाट्यगृहाकडे ओढले, आणि पुण्यातल्या त्या प्रेक्षकांना 'धनिक' म्हणण्याचे धाडस आपले लेखकही करणार नाहीत.

प्रेक्षकांच्या वागण्याबद्दलही लेखात थोडी थट्टा आहे. काही अंशी ती योग्यच आहे, कारण नेमाचे प्रेक्षक हट्टी असतात, आणि 'पूर्वीचे गायक राहिले नाहीत' हे वाक्य मी रांगेत इतक्यांदा ऐकले आहे की पूर्वीच्या गायकांविषयीही त्या काळी हेच म्हटले जात असणार अशी माझी खात्री झाली आहे. नवी मांडणी पसंत पडली नाही तर पहिल्या प्रयोगाच्या शेवटी दिग्दर्शक पडद्यापुढे आल्यावर हुर्यो उडवणारे बहुतेकदा हेच लोक असतात. ईस्टरच्या सुमारास वाग्नरचा 'पार्सिफाल' होतो, तेव्हा पहिल्या अंकानंतर टाळ्या वाजवायच्या नाहीत अशी येथील जुनी प्रथा आहे. एखाद्या पाहुण्याने भारावून टाळी दिली तर त्याच्यावर चहूकडून 'शूऽऽ' असा आवाज होतो, जो टाळीपेक्षा कितीतरी मोठा असतो. उशिरा येणाऱ्यांना दाराबाहेर थांबवण्याचा कडक नियम मात्र मला मनापासून मान्य आहे. १८९७ ते १९०७ या काळात संगीतकार गुस्ताव माहलर येथे संचालक होते. उशिरा येणारे आणि पैसे घेऊन टाळ्या वाजवणारे, या दोघांविरुद्ध त्यांनीच कंबर कसली होती. तिसऱ्या घंटेनंतरही मोबाइलचा उजेड पाडत खुर्ची शोधणारी मंडळी मी सुट्टीत पुण्या-मुंबईत नाटकाला जाते तेव्हा पाहते, त्या वेळी मला माहलरांची आठवण होते.

हे सगळे सरकारी अनुदानावर चालते आणि ते अनुदान मोठे आहे, हे लपवण्याचे कारण नाही. सर्वांच्या करातून चालणाऱ्या घरात सर्वांना परवडेल अशी जागा असली पाहिजे, एवढाच त्यामागचा हिशेब आहे. याच हिशेबाने एप्रिल, मे, जून आणि सप्टेंबर या महिन्यांत अनेक प्रयोग बाहेरच्या चौकात भल्या मोठ्या पडद्यावर त्याच वेळी मोफत दाखवले जातात. तिथे लोक थंडीत घोंगड्या पांघरून शेवटपर्यंत बसलेले असतात.

आपल्याकडे चित्र अगदीच कोरे आहे असे नाही. गिरगावातले रॉयल ऑपेरा हाऊस १९११ साली सुरू झाले, १९९३ मध्ये बंद पडले आणि २०१६ मध्ये डागडुजी होऊन पुन्हा उघडले; नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे चित्रित प्रयोग दाखवले जात आले आहेत. त्यांत मराठी प्रेक्षक दिसतात आणि ते सगळेच मोटारीतून उतरत नाहीत. पण आपल्या नाटकांच्या बाबतीत मी जे पाहते ते उलट दिशेचे आहे: प्रेक्षक कमी असले की बाल्कनी बंदच ठेवली जाते, आणि मागच्या रांगांचा दरही विद्यार्थ्याने महिन्यातून दोनदा यावे असा नसतो. बंद बाल्कनी प्रयोगाच्या दिवशी, तासभर आधी, नाममात्र दरात उघडायला निर्मात्यांचे काय जाते? ज्या खुर्च्या रिकाम्या राहणारच आहेत, त्यांतूनच उद्याचा दर्दी प्रेक्षक तयार होऊ शकतो. नाट्यगृहे बहुतेक ठिकाणी महापालिकांची आहेत, तेव्हा भाडे ठरवताना ही अट घालणे त्यांना अवघड नाही. आपल्या दैनिकाने हा प्रश्न महापालिकांना आणि निर्माता संघाला विचारावा, अशी माझी विनंती आहे.

शेवटी, आपल्या पर्यटनाच्या पानासाठी थोडी उपयोगी माहिती. महाराष्ट्रातून येणाऱ्या सहलींचे गट मी ऑपेरागृहासमोर जवळजवळ रोज पाहते. मोझार्टसारखे टोप घातलेले विक्रेते त्यांना गाठतात आणि भलत्याच सभागृहातल्या पर्यटकी मैफलींची तिकिटे चांगल्या किमतीला विकतात. त्यांच्याकडून घेण्यापेक्षा त्याच दिवशीचे उभ्याचे तिकीट ऑपेरागृहाच्या संकेतस्थळावरून किंवा खिडकीवरून काढावे, बांधायला एक ओढणी जवळ ठेवावी आणि पायांत जुनी, सवयीची पादत्राणे घालावीत. भारी कपड्यांची गरज नाही. पहिल्या वेळी 'तोस्का' किंवा 'ला बोएम' निवडावे, कारण या दोन्हींत संगीत सुमारे दोन तासांचे आहे. वाग्नरच्या 'ट्रिस्टान'चे संगीतच सुमारे चार तासांचे आहे, आणि तो उभ्याने पाहायचा असेल तर दुसऱ्या दिवशी साल्झबुर्गची बस पहाटेची नाही ना, हे सहलप्रमुखांना आधी विचारून घ्यावे.

आपली,
एक मराठी वाचक, व्हिएन्ना