तोंडी परीक्षेचे गुण मिळतात, इंग्रजी येत नाही

महोदय,

राज्यातील मराठी शाळांत सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी विषय शिकवला जातो. तरीही आमच्या दारव्हा तालुक्यात दहावी उत्तीर्ण झालेल्या बहुतेक मुलांना इंग्रजीत चार वाक्ये सलग बोलता येत नाहीत, आणि त्याचे खापर मुलांवर फोडणे न्याय्य नाही. वर्गात गुरुजी प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहितात, मुले ती चाररेघी वहीत सुबक अक्षरात उतरवतात आणि एका सुरात म्हणतात. दहावीच्या तोंडी परीक्षेचे २० गुण तर अनेकदा तोंड न उघडताच पदरात पडतात!

पुढे अकरावी विज्ञानाला गेल्यावर भौतिकशास्त्राचे पुस्तक इंग्रजीत येते, तेव्हा हुशार पोरेही गांगरतात. हा प्रश्न केवळ नोकरीचा नाही. जमिनीचा वाद नागपूर खंडपीठापर्यंत गेला, तर राज्यघटनेच्या कलम ३४८ नुसार तेथील कामकाज इंग्रजीत चालते, आणि आपल्याच शेताचा निकाल शेतकऱ्याला दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागतो.

यावर उपाय म्हणून पालक उधार-उसनवारी करून मुलांना गावोगावच्या कॉन्व्हेंटच्या पिवळ्या बसमध्ये बसवतात, हे मला पटत नाही. कारण तिथे मराठी कच्ची राहते आणि इंग्रजीही पाठांतरापुरतीच येते. गणित-विज्ञान मराठीतूनच पक्के व्हावे, मात्र इंग्रजीच्या रोजच्या तासिकेतील निम्मा वेळ बोलण्यासाठी राखून ठेवावा आणि तोंडी परीक्षा दुसऱ्या शाळेतील शिक्षकांनी घ्यावी, अशी शिक्षण विभागाला विनंती आहे.

– एक पालक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ